जलपर्णी नसलेला हिरवा पट्टा : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२३

तळ्याची पहिली फेरी. तळ्याचं आणि गावाचं नाव या वहीत लिहायचं नाही असं ठरलं आहे. पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेला मिळणाऱ्या एका ओढ्यावरचं जुनं तळं, एवढं पुरे.

काम मुळात जलपर्णीचं. तिनं किती पाणी व्यापलंय त्याचा नकाशा करून ग्रामपंचायतीला द्यायचा; उन्हाळ्यात तळं साफ करायचं आणि गाळ काढायचं काम निघणार आहे. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, पण एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा. त्यात सगळी हिरवळ एकच दिसते. म्हणून पायी फिरणं आलंच.

बांधाच्या बाजूला जलपर्णी आहे, त्यात वाद नाही: फुगीर देठ, चकचकीत गोल पानं, जांभळ्या तुऱ्यांचे अवशेष. ओढा तळ्यात शिरतो त्या कोपऱ्यातलं हिरवं मात्र वेगळं आहे. अरुंद पानं, एकमेकांत गुंतलेले दांडे, आणि गादी इतकी दाट की वंचक बगळा तिच्यावरून आरामात चालत होता. फूल एकही नाही. विद्यार्थ्यानं वहीत ‘जलपर्णी, बारीक पानांची’ असं लिहिलं होतं. ते खोडून ‘अनोळखी, पट्टा १’ असं लिहायला सांगितलं.

१६ नोव्हेंबर

पट्टा १ काय नाही, ते आज ठरवलं.

नाळीची भाजी नाही. तिचाही दांडा पोकळ आणि पाण्यावर तरंगणारा, पण पानं एकाआड एक आणि तोडल्यावर चीक येतो. शेरळ नाही, शेरळाच्या प्रत्येक पेराला, म्हणजे दांड्यावरच्या गाठीला, पातळ पापुद्र्याची नळी वेढलेली असते, इथे तसलं काही नाही. पाण्यावर पसरणारी लुडविजियाही नाही. तिचीही पानं एकाआड एक, शिवाय पेरांवर पांढरी स्पंजासारखी श्वसनमुळं असतात.

आपल्या झाडाची पानं समोरासमोर, जोडीनं. लांबी पाच ते आठ सेंटीमीटर, कडा अखंड, मधली शीर ठळक, देठ जवळजवळ नाहीच. पेराशी, पानांच्या बेचक्यात बारीक पांढरी लव. कोवळ्या शेंड्याकडे जास्त, जुन्या दांड्यावर झडलेली. पाण्यातल्या प्रत्येक पेराला मुळांचा झुपका. दोन पेरांमधला तुकडा कापून त्याचं एक टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलं आणि दुसऱ्या टोकानं फुंकर मारली, तर बुडबुडे आले. म्हणजे नळी आरपार मोकळी. गादी तरंगते ती याच हवेवर.

राजगिरा-माठाचं कुळ, वंश अल्टरनॅन्थेरा, इथवर खात्री आहे. जातीबद्दल संशय आहे, पण संशयावर नाव लिहायचं नाही. माझे सर फोनवर एवढंच म्हणाले, “फूल मिळेपर्यंत वंशावर थांब. आणि पाण्यातलं एकच रोप आणू नकोस, काठावरचंही आण.”

७ डिसेंबर

पट्ट्याच्या वरच्या अंगाला नव्या इमारतींची कामं चालू आहेत. तिथल्या वस्तीतली एक बाई ओलसर काठावर बसून पाला खुडत होती. विजापूरकडची, गवंड्याच्या हाताखाली काम करते. मी विचारलं, “अक्का, कसली भाजी?” म्हणाली, “होनगोन्ने. डोळ्याला चांगली.” तिच्या ओच्यात कांचरी होती, अल्टरनॅन्थेरा सेसिलिस, आपल्याकडची नेहमीची, पेरापेराला चिकटलेले फुलांचे बारीक रुपेरी गेंद होते, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

तिच्यापासून चार हातांवर पट्टा १ ची गादी काठावर चढलेली. त्यातली एक फांदी दाखवून म्हटलं, “ही का नाही घेत? हीपण तशीच दिसते.” अक्कानं दांडा दोन बोटांत दाबला, तो चपटा झाला. “पोकळ आहे. आमची अशी नसते. आणि ही घाण पाण्यातली, कोण खाणार?”

तिचा शेवटचा मुद्दा वजनदार आहे. या वंशातली झाडं मातीतले जड धातू पानांत ओढून घेतात आणि ओढ्याला वरच्या वसाहतींचं सांडपाणी येतं. मग ती कांचरी काठावरून खुडते तीही याच पाण्यावरची. ते तिला सांगितलं. तिनं हसून घेतलं. कामाच्या जागी जवळ दुसरा पाला नाही, हेही खरं.

२९ डिसेंबर

फूल मिळालं. ओढ्याच्या मुखापाशी, दिवसभर ऊन लागतं त्या बाजूला, दहा-बारा गेंद.

लांबून दिसणारी खूण आधी. गेंद पांढरा, साधारण सेंटीमीटरभर रुंदीचा, आणि देठावर उभा. मोजलेल्या गेंदांचे देठ तीन ते साडेचार सेंटीमीटर. पानाच्या बेचक्यातून एकच देठ, त्याच्या टोकाला एकच गेंद. कांचरीचे गेंद पेराला बसकण मारून असतात, देठ नसतोच. तळ्याच्या सुकलेल्या पोटात पसरणारी अल्टरनॅन्थेरा पॅरोनिकिऑइडीस, तीही परदेशीच, पण तिचेही गेंद बिनदेठाचे. म्हणजे निम्मं काम देठावरच झालं.

उरलेलं भिंगाखाली. गेंदातलं एक फूल सुईनं सुटं केलं. परिदलं, म्हणजे फुलाची पाकळ्यांसारखी बाहेरची दलं, पाच, पांढरी, कोरड्या कागदासारखी, गुळगुळीत, प्रत्येक जवळपास सहा मिलीमीटर. कांचरीचं परिदल याच्या निम्म्याहूनही लहान. परिदलं सुईनं मागे वळवली की आत पुंकेसरांची खालून जोडलेली छोटी वाटी दिसते. तिच्यावर पाच पुंकेसर, पाचहींना पिवळे परागकोश. दोन पुंकेसरांच्या मध्ये एकेक पट्टी, तिचं टोक फाटल्यासारखं, दशा निघालेल्या कापडासारखं. कांचरीत परागकोश तीनच पुंकेसरांना असतात. शेजारी कांचरीचं फूल ठेवून दोन्ही तपासली. फोटो जोडीनं काढले आहेत, मोजपट्टीसकट.

अल्टरनॅन्थेरा फायलॉक्सिरॉइडीस. इंग्रजीत अ‍ॅलिगेटर वीड. आजपासून वहीत हेच नाव.

फळ शोधलं, मिळालं नाही. मिळेल अशी अपेक्षाही नव्हती. मूळ प्रदेशाबाहेर ही वनस्पती रुजणारं बी जवळजवळ धरतच नाही. सगळा प्रसार तुकड्यांवर. एक पेर असलेला तुकडा पुरतो.

११ जानेवारी २०२४

घरी बसून वाचन. पार्श्वभूमी अहवालात दोन परिच्छेदांपेक्षा जास्त नको, पण इथे लिहून ठेवते.

मूळ ठिकाण दक्षिण अमेरिका, पाराना नदीचं खोरं. अमेरिकेत अलाबामातल्या मोबीलजवळ १८९७ मध्ये ती सापडली; जहाजांचा तोल राखायला भरलेल्या भारमातीतून आली असावी असं मानतात. आपल्याकडची गोष्ट बरीच अलीकडची. १९६५ मध्ये जे. के. माहेश्वरी यांनी ‘नेचर’मध्ये भारतातल्या तळ्यांत ती दिसल्याचं टिपण दिलं. मग बंगाल, आसाम, बिहार, आणि काश्मीरचं वुलर सरोवरसुद्धा. म्हणजे पाराना खोऱ्यातली ही वेल थंडीत बर्फ पडणाऱ्या ठिकाणीही तग धरते. वरचा भाग गारठ्यानं जळतो, खालून पुन्हा फुटते. पुण्याच्या हिवाळ्याचं तिला काय!

अक्काची आठवण झाली ती ऑस्ट्रेलियाबद्दल वाचताना. तिथे व्हिक्टोरिया राज्यात १९९० च्या दशकात ही वनस्पती घरांच्या परसात लावलेली सापडू लागली. लावणारे श्रीलंकेतून गेलेले लोक. त्यांच्याकडे कांचरीची भाजी ‘मुकुनुवेन्ना’ म्हणून रोजच्या जेवणात असते, आणि तीच समजून हे रोप हातोहात पसरलेलं. पुढे सरकारी यंत्रणेनं घरोघरी जाऊन ते काढलं आणि बदल्यात तिथली स्थानिक जात, अल्टरनॅन्थेरा डेंटिक्युलाटा, लावायला सुचवली. रोप जप्त करून मोकळं न होता दुसरं हातात देणं मला फार शहाणपणाचं वाटलं. त्या परसांत कुणी दांडा दाबून पाहिला असता तर, असंही मनात आलं; पण कोरड्या मातीत वाढलेल्या रोपाचा दांडा तसा पोकळ राहत नाही. म्हणूनच सर काठावरचं रोप मागत होते.

१८ जानेवारी

आज काम झालं ते खरं अधिवासाचं. ओढ्याच्या मुखातून एक दोरी आडवी टाकली: उघड्या पाण्यापासून गादी, चिखल, काठ, आणि वरच्या बाभळींपर्यंत. दर पाच मीटरला मीटरभराची चौकट.

उघड्या पाण्याच्या कडेला, जिथे खोली माझ्या कमरेच्या वर आहे, तिथे गादीची टोकं पुढे सरकतात. हे शेंडे कुठेच रुजलेले नाहीत, नुसते तरंगतात. दांडे जाड, करंगळीएवढे, पोकळी मोठी. गादी ओढली तर मीटर-दीड मीटरचे दांडे एकात एक अडकून येतात आणि ओढता ओढता तुटतात. तुटलेलं पाण्यावर निघून जातं. वारा पश्चिमेचा असला की सांडव्याकडे.

गुडघाभर पाण्यात गादी सगळ्यात दाट. खाली प्रकाश नाही, मोजपट्टी बुडवली तर काळा, वास मारणारा गाळ वर येतो. इथे दुसरी वनस्पती जवळजवळ नाही. गादीच्या फटींतून चारदोन पाणकणसं डोकं वर काढून आहेत, तेवढीच.

चिखलात तीच वेल, पण आखूड. पेरं जवळजवळ, पानं लहान आणि थोडी जाड, दांड्याची पोकळी सुईच्या टोकाएवढी. विद्यार्थ्यांपैकी दोघांनी ही वेगळी जात म्हणून लिहिली; त्यांचा दोष नाही, नुसत्या पानावरून कुणीही तसंच म्हणेल. मग एकच दांडा हातात धरून चिखलातून पाण्यापर्यंत मागोवा घेतला. सलग एकच. काठाकडचं टोक भरीव, पाण्याकडचं पोकळ.

काठावर, पाण्यापासून आठ मीटरवर, बेशरमाच्या झुडपांच्या सावलीत पुन्हा तीच. खणून काढली. वर बोटभर पाला आणि खाली पेन्सिलएवढी जाड, पांढुरकी, साठवणीची मुळं. वीतभर खणूनही शेवट लागला नाही, खडक लागला. बेशरमही परदेशीच, इथे कुंपणासाठी कुणीतरी लावलेली. दोघींचं छान जमलंय.

दोरीवरच्या या नोंदींचं महत्त्व असं: अमेरिकेत १९६४ पासून या वेलीवर अगॅसिकलीस नावाचा छोटा भुंगेरा सोडला जातो, आणि तो पाण्यातली गादी फस्त करतो. काठावरच्या रूपावर मात्र त्याचं फारसं चालत नाही. तो दांड्याच्या पोकळीत कोष करतो आणि भरीव दांड्यात त्याला जागा मिळत नाही. तणनाशकाचंही तसंच. पानं जळतात, खालची मुळं शाबूत. तेव्हा ‘तळ्यातलं तण’ म्हणून नुसता पाण्याचा नकाशा दिला तर तो निम्मा नकाशा होईल.

२ फेब्रुवारी

नमुने दाबले. दांड्यात पाणी फार, वर्तमानपत्र रोज बदललं नाही तर काळे पडतात. जाड दांडे उभे चिरून पोकळी दिसेल असे ठेवले. प्रत्येक पत्रकावर पाण्यातलं, चिखलातलं, काठावरचं अशी तीन रूपं, फुलाची पुडी वेगळी. एक संच महाविद्यालयाला, एक भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या पश्चिम केंद्रात तुलनेसाठी न्यायचा.

१९ फेब्रुवारी

खिडकीतले पेले. एकेका पेराचे तुकडे कापून काही नळाच्या पाण्यात, काही ओढ्याच्या पाण्यात, काही ओल्या मातीत ठेवले होते. नळाच्या पाण्यातले जगले, पण सुस्त. ओढ्याच्या पाण्यातल्या तुकड्यांना आठवडाभरात दोन्ही बाजूंनी कोंब आणि बोटभर मुळं. सांडपाण्यातला नत्र कुठे जातो ते पेल्यातच दिसतं.

ज्या तुकड्यात पेर नव्हतं, नुसती नळी होती, ते सगळे कुजले. हे ग्रामपंचायतीच्या बैठकीत दाखवायला उपयोगी.

१४ मार्च

बैठक. पेले सोबत नेले होते. सरपंचबाईंनी पेला उचलून खिडकीशी धरून पाहिला आणि ठेकेदाराच्या माणसाकडे सरकवला. ठेकेदाराचं म्हणणं साधं: पोकलेन लावायचं, तीन-चार दिवसांत सगळं हिरवं काठावर. जलपर्णीसाठी ते चालू शकतं. या कोपऱ्यात पोकलेनचा पंजा म्हणजे एका गादीचे हजारो तुकडे, आणि त्यातला प्रत्येक पेरासकट.

म्हातारे मासेमार काका, भोई समाजाचे, मागे बसून ऐकत होते. ते म्हणाले, “ताई, ती गादी आम्ही कोयत्यानं कापून बाजूला सारायचो, जाळं टाकायला. दरसाल पुढे सरकते.” कधीपासून आहे, ते विचारलं. वरच्या इमारती झाल्या तेव्हापासून वाढली, असं त्यांचं मत. पूर्वी त्या कोपऱ्यात कुमुदिनी होत्या, त्यांची पानं उलटी करून खाली गोगलगायी मिळायच्या.

ठरलं ते असं: ओढ्याचं मुख आधी वेगळं करायचं. गादीच्या बाहेरून मच्छीमार जाळं बांधायचं, सांडव्यावर दुसरं. गादी हातानं, कडेकडून, गुंडाळत काढायची. काठावरची मुळं खणून. यंत्र फक्त बांधाकडच्या जलपर्णीला. ठेकेदारानं मान डोलावली. किती पाळलं जाईल ते एप्रिलमध्ये कळेल.

११ एप्रिल

यंदा पाऊस कमी झाला, त्यामुळे तळ्याचं पोट लवकर उघडं पडलंय. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत शेतकरी ट्रॅक्टर घेऊन गाळ न्यायला आलेत. योजना चांगली आहे, तळ्याची खोली वाढते आणि हलक्या जमिनीला पोटभर माती मिळते. माझी अडचण एकच: गाळ कुठल्या कोपऱ्यातला उचलतात.

सकाळी ओढ्याच्या मुखाशी, सुकत चाललेल्या गादीच्या कडेला, ट्रॉल्या उभ्या होत्या. तिथला गाळ सगळ्यात काळा आणि सुपीक, म्हणून त्याला मागणी. ट्रॉलीत चढून वरचा थर उपसला. दांडे होते, वाळलेले दिसत होते. नखानं खरवडलं तर आतून हिरवे.

दुपारी बांधाखालच्या उसाच्या शेतांत फिरले. मागच्या उन्हाळ्यात गाळ नेलेली दोन शेतं शेतकऱ्यांनी स्वतः दाखवली. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात, पाटाच्या कडेला, उसाच्या सरीत, पाण्यापासून अर्ध्या किलोमीटरवर, बोटभर उंचीची भरीव दांड्याची वेल. फूल नव्हतं. खणलं तर तीच जाड पांढुरकी मुळं. शेतकरी म्हणाला, “खुरपून काढली की पंधरा दिवसांत परत. आम्ही माठातलंच काही तरी समजत होतो.” पानांना अळीनं जाळी केली होती, माठाच्या पानांवर करते तशीच, कुळ एकच, त्यामुळे तिला काही फरक पडला नसावा.

नकाशावर आज तिसरा रंग आला: पाणी, काठ, शेत.

१३ एप्रिल

ग्रामपंचायतीच्या मदतीनं मुखाकडच्या गाळाला खुणेचे खांब लावले. तिथला गाळ यंदा उचलायचा नाही, बाकी तळं खुलं. दोन शेतकरी नाराज झाले, आणि त्यांचं बरोबर आहे, त्यांची पाळी त्याच कोपऱ्यात होती. त्यांना बांधाकडची जागा मिळाली.

६ मे

हातकाढणी चालू. सकाळी सहा ते दहा, पुढे उन्हानं जमत नाही. गादी कडेनं गुंडाळत आणली की निम्मे तुकडे कमी होतात, हे कामावरच्या बायकांनी दुसऱ्या दिवशीच हेरलं. आता त्या आम्हाला शिकवतात.

काढलेला माल कुठे टाकायचा यावर बरंच डोकं खाल्लं. सिमेंटच्या खळ्यावर पातळ पसरलेला माल मेच्या उन्हात कडक वाळला, मोडला की टाचेखाली चुरा. गोणीत भरून झाडाखाली ठेवलेला मात्र आतून ओला राहिला, आणि गोणीच्या फटीतून पांढरे कोंब बाहेर आले. त्यामुळे गोण्या बंद, खळं चालू. शेणखताच्या खड्ड्यात ओला माल टाकायची सूचना आली होती, ती नाकारली. म्हशींना ताजा पाला आवडतो, त्या खळ्याकडे ओढ घेतात. पण हा सांडपाण्यावरचा पाला, तो दुभत्या जनावराला घालू नका असं सांगितलंय.

२७ जून

पहिल्या चांगल्या पावसानंतरची फेरी. सांडव्यावरच्या जाळ्यात जलपर्णीची रोपं, प्लास्टिक, आणि आपल्या वेलीचे तुकडे, प्रत्येकाला पेर. जाळं रोज झाडायचं काम मासेमार काकांच्या नातवानं घेतलंय, पंचायत त्याला मजुरी देते.

ओढ्याच्या मुखात पाणी मोकळं दिसतं, पण बेशरमाखालच्या काठावर नवे कोंब आहेत. खडकाच्या भेगांत राहिलेल्या मुळांतून फुटलेत. पाणी चढायच्या आत ते पुन्हा खणायचे. ओढ्याच्या वरच्या अंगाला, इमारतींच्या मागे, अजून कुणी पाहिलेलं नाही, आणि तिथून येणारं पाणी थांबलेलं नाही. पुढचं काम तिकडचं. त्याआधी उसाच्या त्या शेतात जायचंय. शेतकऱ्यानं फोटो पाठवलाय, बांधावरच्या वेलीला देठावरचा पांढरा गेंद आलाय, आणि त्या रूपाचं फूल अजून आपल्या नमुन्यांत नाही.